चॅम्पियन्स लीगची बाद फेरी: एका निकालासाठी दोन रात्री का जागायचं?

गड्ड्यावरचा
गड्डा यात्रा संपली, पाळणे उतरले, आता आमच्या जागरणाचा हंगाम. युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची बाद फेरी. फायनलपर्यंत इथे प्रत्येक जोडी दोनदा खेळते, एकदा एकाच्या घरी, एकदा दुसऱ्याच्या. या एकेका सामन्याला लेग म्हणायचं, आणि दोन्ही मिळून ज्याचे गोल जास्त तो पुढे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोलापुरात आम्ही चौघं जण गेली सात-आठ वर्षं हे सामने एका मित्राच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात बघतो. मार्चअखेरपर्यंत सामना आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतो, त्यामुळे घरी बघायची सोय नाही. (मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपवाले घड्याळं तासभर पुढे करतात, मग साडेबारा होतात. उपांत्यपूर्व फेरी त्यामुळे जरा माणसांत येते.) कारखान्यात रात्रपाळी असते. मागांच्या खडखडाटात गोल झाल्यावर कितीही बोंबला, गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठत नाही.

गेल्या वर्षीची, म्हणजे मार्च २०२५ ची गोष्ट. पॅरिसमध्ये पीएसजी–लिव्हरपूल पहिला लेग. रात्रभर पीएसजीने (पॅरिसचा क्लब) गोलावर मारा केला, गोलकीपर अ‍ॅलिसनने सगळं अडवलं, आणि ८७ व्या मिनिटाला एलियटने गोल करून लिव्हरपूलने सामना खिशात घातला. चहाच्या सुट्टीत आलेला जॉबर (माग दुरुस्त करणारा) दारात उभा राहून ते बघत होता. पुढच्या आठवड्यात परत तेच दोन संघ. जॉबर हातात पाना घेऊन आला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "मागल्या खेपेला हे लालवाले जिंकलेते की ओ. मग आज परत कशाला खेळूलालेत?"

मी त्याला दोन लेग, एकूण गोल, होम-अवे सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मग आधी जिंकून उपयोग काय?" म्हणाला आणि गेला. त्या रात्री पीएसजी १-० ने जिंकले, एक्स्ट्रा टाइम झाला, मग पेनल्टी मारून निकाल लावायचं शूटआउट झालं, लिव्हरपूल घरच्या मैदानावर बाहेर. आम्ही चार वाजून गेल्यावर घरी. साखळीत पहिला आलेला संघ पंधराव्या क्रमांकाच्या संघाकडून गेला, आणि त्याच पीएसजीने पुढे म्युनिकच्या फायनलमध्ये इंटर मिलानला ५-० हाणून कप नेला.

तर माझं मत असं, की उपउपांत्यपूर्व फेरीपासून सगळं एकाच सामन्यात मिटवावं. २०२० मध्ये कोविडमुळे लिस्बनला उपांत्यपूर्व फेरीपासून एकेकच सामना होता. काय वाईट झालं? तुम्हाला काय वाटतं?

कडकभाकरी
काय वाईट झालं म्हणजे? बार्सावाल्यांना (बार्सिलोना) विचार बे, बायर्नकडून काय खाल्लं ते. ८-२.

बाळीवेशीतला बार्सावाला
मी हा धागा वाचलेला नाही.

रात्रपाळी
धागाकर्त्याशी असहमत. दोन लेगची मजा मधल्या आठवड्यात असते. पहिला सामना हरलात की आठ दिवस माणूस हिशोब करत फिरतो. एक मारला तर काय, दोन मारले तर काय, ते बसले मागे तर काय. दुकानात गिऱ्हाइकाला चादर दाखवताना माझ्या डोक्यात हेच चाललेलं असतं. एका रात्रीत निकाल लागला तर हे सगळं गेलं.

२०१९ आठवा. लिव्हरपूल बार्सिलोनात ०-३ हरून आले. सालाह नाही, फर्मिनो नाही. अ‍ॅनफिल्डवर ४-०. चौथा गोल तर कॉर्नरचा. अलेक्झांडर-अरनॉल्ड कॉर्नर सोडून निघाल्यासारखा वळला, परत फिरला, चटकन चेंडू आत मारला, बार्साचे खेळाडू अजून जागा धरत होते आणि ओरिगीने आत ढकलला. एकाच सामन्याची स्पर्धा असती तर ही रात्र झालीच नसती, लिव्हरपूल आठवड्यापूर्वीच घरी बसलं असतं.

बाळीवेशीतला बार्सावाला
मी हा प्रतिसादही वाचलेला नाही.

शेंगाचटणी
🤣 भाऊ, तुमच्यासाठी अजून रोमा आहे. २०१८, ४-१ ची आघाडी घेऊन गेले आणि ३-० ने आपटले. तिसरा गोल मारून रोमाच्या मानोलासचं ते धावत सुटणं.

बाळीवेशीतला बार्सावाला
आणि २०१७ कोण सांगणार? पॅरिसमध्ये ४-० हरून आलो होतो आम्ही. ८ मार्च. आमच्या कँप नोउवर ३-० झालं आणि पीएसजीच्या कावानीने एक मारला. अवे गोलचा नियम होता (एकूण गोल सारखे झाले तर परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढे), त्यामुळे आता ५-१ ने भागणार नव्हतं, सहा लागणार होते. ८७ मिनिटं झाली तरी ३-१ च. नेमारची फ्रीकिक ८८ व्या मिनिटाला, मग पेनल्टी, मग ९५ व्या मिनिटाला सर्जी रॉबर्टोने पाय लांब करून टेकवला. मी पलंगावरून उडी मारली ती थेट पाण्याने भरून ठेवलेल्या घागरीवर. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा घागर सांडणं म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. आईने दुसऱ्या दिवशी विचारलं, "जिंकलं का तुझं ते?" जिंकलं म्हणालो. "मग हापशावर जा आता."

मिलची_चिमणी
घागर!! 😂

मी जुनी प्रेक्षक. २००५ ला कॉलेजात होते. इस्तंबूलचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री सव्वाबाराच्या सुमारास सुरू झाला. मध्यंतराला मिलान ३-०. बाबा उठून आले, "काय उरलंय त्यात? उद्या पेपर आहे ना?" म्हणाले, टीव्ही बंद. सकाळी वर्तमानपत्र उघडलं तर निकालच नाही, कारण आमच्याकडे येणारी आवृत्ती सामना संपायच्या कितीतरी आधी छापून झालेली. परीक्षा देऊन दुपारी घरी आल्यावर बातम्यांत कळलं की सहा मिनिटांत तीन गोल झाले आणि शूटआउटला लिव्हरपूल जिंकलं. बाबांशी त्या दिवशी मी बोलले नव्हते. अजूनही मे महिना आला की ते स्वतःच विषय काढतात.

मूळ प्रश्नाबद्दल: दोन लेग हवेतच. पण अवे गोलचा नियम काढला ते चुकलं असं मला वाटतं. धाक गेला त्यातला.

हिशोबनीस
चिमणीताई, धाक कोणाला होता तेही बघा. नियम आला १९६५ च्या सुमारास. पाहुणा संघ परक्या मैदानावर जाऊन मागे कोंडाळं करून बसायचा, त्याने पुढे यावं हा हेतू. शिवाय बरोबरी झाली तर तिसरा सामना तटस्थ ठिकाणी, आणि तोही बरोबरीत सुटला तर नाणेफेक! लिव्हरपूल आणि कोलोन यांचं १९६५ मध्ये असंच झालं. दोन्ही सामने ०-०, रॉटरडॅमला तिसरा २-२. पंचांनी दोन रंगांची चकती उडवली, ती चिखलात उभीच रुतली. परत उडवावी लागली. लिव्हरपूल पुढे गेलं.

पुढे पुढे उलटं झालं. घरचा संघच घाबरून खेळायला लागला, की आपण गोल खाल्ला तर तो दुप्पट भारी. २०२१ मध्ये नियम काढताना युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) आकडेच दिले होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात घरचा संघ ६१ टक्के सामने जिंकायचा आणि पाहुणा १९. आता ते ४७ आणि ३० वर आलंय. प्रवास सोपा झाला, मैदानं सारखी झाली, व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारे पंच) आला. ज्या रोगाला औषध होतं तो रोगच राहिला नाही.

अर्धी_चादर
पण त्यामुळे निकाल चुकीचे लागतात त्याचं काय? २०२२ ची उपांत्य फेरी घ्या. जुना नियम असता तर रियल माद्रिदऐवजी मँचेस्टर सिटी अंतिम फेरीत गेली असती.

हिशोबनीस
नाही ओ. उलट आहे. मँचेस्टरला सिटी ४, रियल ३. माद्रिदला ८९ मिनिटांपर्यंत सिटी १-० पुढे. मग रॉड्रिगोने ९० व्या आणि ९१ व्या मिनिटाला दोन मारले. म्हणजे ९० मिनिटांचा खेळ संपला तेव्हा एकूण ५-५. परक्या मैदानावर रियलचे तीन, सिटीचा एक. जुना नियम असता तर रियल तिथेच पुढे गेलं असतं. बेंझेमाची एक्स्ट्रा टाइममधली पेनल्टी लागलीच नसती.

अर्धी_चादर
बरं. मग निदान अर्धा तास झोप तरी मिळाली असती.

गड्ड्यावरचा
हा मुद्दा माझ्या बाजूने धरतो.

पेठेतला_गोलकीपर
कोल्हापूरहून रामराम. सोलापूरकर फुटबॉल बघतात हे वाचून डोळे पाणावले. आम्हाला वाटायचं तिकडं फक्त चादरी आणि शेंगा.

दोन लेग आमच्या शाहू स्टेडियमवर ठेवून बघा एकदा. पाटाकडील आणि दिलबहारचा एक सामना झाला की दोन दिवस पेठा तापलेल्या असतात. पहिला लेग आणि दुसरा लेग यामधला आठवडा कोण काढणार? पोलिसांच्या रजा बंद होतील. आणि होम-अवे कसं करायचं? सगळ्यांचं मैदान एकच.

मिलची_चिमणी
त्याचीही सोय झालेली आहे! २००३ ची उपांत्य फेरी, मिलान विरुद्ध इंटर. दोघांचं घरचं मैदान सान सिरोच. पहिला सामना ०-०, यजमान मिलान. दुसरा १-१, यजमान इंटर. मैदान तेच, गोलपोस्ट त्याच, पण मिलानचा गोल 'परक्या मैदानावरचा', म्हणून मिलान अंतिम फेरीत. आणि त्यांनी कपही जिंकला.

पेठेतला_गोलकीपर
काय सांगता! म्हणजे आमच्याकडं नुसतं ड्रेसिंग रूम बदललं तरी चालतंय.

कडकभाकरी
चिमणीताई, या एका उदाहरणावर तुमचा अवे गोल बाद. स्वतःच्याच पायावर धोंडा.

मिलची_चिमणी
मान्य. हुकलं माझं.

पुण्यात_अडकलेला
अवांतर: आपल्याकडे खंडाच्या स्पर्धेचा सामना बघायला मिळाला त्याबद्दल. २०२३ मध्ये मुंबई सिटी आशियाच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळत होती. गटात कोण, तर सौदीचा अल हिलाल! म्हणजे नेमार! मी आणि माझ्या खोलीवरचे दोघं, सगळे सोलापूरचे, तिकिटं मिळवायला जिवाचं रान केलं. ऑक्टोबरमध्ये उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारचा गुडघा गेला. सहा नोव्हेंबरला आम्ही नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर, नेमार कुठेतरी पाय वर करून. मुंबई ०-२ हरली, पण लढली चांगली.

एक गोष्ट मात्र टीव्हीवर कळत नाही. खेळाडू बॉल अडवायच्या आधी मान दोन्हीकडे फिरवून बघतात. सारखं. अल हिलालचे तर दर दोन सेकंदांनी. मला तीस फुटांवरून ते दिसलं आणि तेव्हापासून मी सामना वेगळाच बघतो.

शेंगाचटणी
नवी मुंबईला जाताना बाकरवडी घेतली का धपाटे?

पुण्यात_अडकलेला
धपाटे. आत नेऊ दिले नाहीत. गेटवर उभं राहून तिघांनी संपवले.

रफिक_साठ_फुटी
मार्च २०२५ चा उल्लेख आला म्हणून लिहितो. तेव्हा रमजान चालू होता. लोकांना दीडची मॅच त्रासाची, आम्हाला सोन्यासारखी. एक्स्ट्रा टाइम झाला की थेट सहरी. लिव्हरपूल–पीएसजीचं शूटआउट संपलं आणि अम्मी म्हणाली, चला आता जेवा. दुसऱ्याच रात्री अ‍ॅटलेटिको–रियल, परत शूटआउट. परत सहरी वेळेवर. अब्बूंना वाटलं पोरगं यंदा फारच धार्मिक झालंय, न उठवता उठतंय.

त्या दुसऱ्या रात्रीचं मात्र मन अजून खट्टू आहे. हुलियन आल्वारेझ पेनल्टी मारताना घसरला, टेकवलेला पाय चेंडूला किंचित लागला. गोल झाला होता. व्हीएआरने रद्द केला. आमच्या स्क्रीनवर दहा वेळा दाखवलं तरी मला चेंडू हललेला दिसला नाही.

कडकभाकरी
त्याच दिवशी संध्याकाळी होळी होती. आमच्या चौकात अ‍ॅटलेटिकोवाल्या एकाने व्हीएआरच्या नावानं जी बोंब मारली ती होळीत खपून गेली.

हिशोबनीस
रफिकभाई, त्याचा निकाल नंतर लागला. नियम बनवणाऱ्या मंडळाने जूनमध्ये खुलासा काढला की चुकून असा दुहेरी स्पर्श झाला आणि गोल झाला, तर पेनल्टी परत घ्यायची. म्हणजे आज आल्वारेझला दुसरी संधी मिळाली असती.

रफिक_साठ_फुटी
तीन महिने उशिरा. आमचं नेहमीचंच.

वराडी_पंच
मला साधी तुलना सुचते. पहिला लेग म्हणजे मुलगी बघायला जाणं. दोन्हीकडचे लोक सांभाळून बोलतात, कांदेपोहे खातात, कोणी काही कबूल करत नाही. दुसरा लेग म्हणजे याद्या. तिथे खरं काय ते बाहेर येतं, आवाज चढतात, एखादा काका उठून जातो. धागाकर्ते म्हणतायत की एकदम याद्याच करा.

गड्ड्यावरचा
आणि शूटआउट म्हणजे मानपान?

वराडी_पंच
शूटआउट म्हणजे मंगलाष्टकं संपत आली आणि नवरदेव कुठंय कुणालाच माहीत नाही.

बार्शीकर
सगळ्यांनी भावना लिहिल्या, आता थोडं कोरडं लिहितो. गड्ड्यावरचे, एकच सामना ठेवायचा तर तो कुठे? लिस्बनला प्रेक्षकच नव्हते, म्हणून तटस्थ मैदान चाललं. लिव्हरपूलच्या कामगाराला तुम्ही दर पंधरा दिवसांनी तिसऱ्या देशात जा म्हणणार का? आणि क्रमवारीत वरच्या संघाच्या घरी ठेवायचा, तर खालच्या संघाच्या गावात बाद फेरीचा सामना कधीच होणार नाही. ब्रेस्टसारखं छोटं गाव घ्या. गेल्या वर्षी पहिल्यांदाच युरोपात खेळलं. प्ले-ऑफमध्ये पीएसजीने दोन सामने मिळून दहा गोल घातले, ते सोडा. पण बाद फेरीत मोठा संघ त्यांच्या भागात आला, हे त्या गावाला किती वर्षं पुरेल?

मला त्रास वेगळ्याच गोष्टीचा आहे. नव्या पद्धतीत ३६ संघ, प्रत्येकी आठ सामने, पहिले आठ थेट पुढे, ९ ते २४ मध्ये प्ले-ऑफ. म्हणजे बारा संघ बाहेर काढायला सप्टेंबर ते जानेवारी दळत बसायचं. झोप वाचवायची तर तिथे वाचवा. बाद फेरीला हात लावू नका.

रात्रपाळी
+१. ब्रेस्टचा मुद्दा पटला. सोलापुरात एकदा मोठा सामना आला की आपण वीस वर्षं सांगतो, "मी पार्क स्टेडियमवर होतो."

शेंगाचटणी
फक्त, दळण चालू असतं म्हणून मार्चमध्ये भाकरी मिळते ओ बार्शीकर. सिटी साखळीत २२ वी आली म्हणून तर प्ले-ऑफलाच रियलशी गाठ पडली. एम्बापेची हॅटट्रिक फेब्रुवारीत बघायला मिळाली.

अर्धी_चादर
आणि दुसरा लेग घरी मिळणं हेही आता क्रमवारीवर आहे ना? गेल्या वर्षी आर्सेनल तिसरी येऊनही रियल आणि पीएसजी दोघांशी दुसरा सामना बाहेर खेळली. यंदापासून उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीतसुद्धा वरच्या क्रमांकाला दुसरा लेग घरी.

हिशोबनीस
बरोबर. यावेळी चूक काढता आली नाही. 😀

मिलची_चिमणी
यंदा अंतिम सामना ३० मेला बुडापेस्टला आहे आणि वेळ तिथली संध्याकाळी सहाची ठेवली आहे. म्हणजे आपल्याकडे साडेनऊ! बाबांना आत्ताच सांगून ठेवलंय की टीव्ही बंद करायचा नाही.

कडकभाकरी
साडेनऊ? मे महिन्यात सोलापुरात साडेनऊला भिंती तापलेल्या असतात. साडेबारालाच बरं होतं, गच्चीवर वारा तरी असतो.

गड्ड्यावरचा
सगळ्यांचे आभार. बार्शीकरांच्या ब्रेस्टने माझी बाजू पडली, हे कबूल करतो. घागर आणि सहरी मात्र बोनस.

काल रात्री कारखान्यात गेलो होतो. जॉबर चहाला आला, त्याला हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. सान सिरोच्या गोष्टीवर खूप हसला. मग बार्शीकरांचं त्याच्या भाषेत सांगितलं, की एकदा तुझ्या गावात, एकदा माझ्या गावात, म्हणून दोनदा. मान हलवली. म्हणाला, "आन् फायनल कुणाच्या गावात?"

म्हटलं, फायनल एकच असते. तिसऱ्याच गावात.

"का? एवढं सगळं दोनदा, मग फायनल एकदाच का बे?"

मला उत्तर देता आलं नाही. कोणी सांगेल?

हिशोबनीस
तुमचा जॉबर धोकादायक माणूस आहे.

त्याला सांगा, तो म्हणतो तसं होतं. युएफा कपची फायनल १९९७ पर्यंत दोन लेगची असायची. शेवटची शाल्के–इंटर. शाल्के घरी १-० जिंकलं, मिलानला १-० हरलं, शूटआउटमध्ये कप नेला. दक्षिण अमेरिकेत कोपा लिबर्टाडोरेसची फायनल तर २०१८ पर्यंत दोनदाच व्हायची. शेवटची बोका–रिव्हर. दोन्ही संघ ब्युनॉस आयर्सचे. दुसऱ्या लेगला बोकाच्या बसवर दगडफेक झाली, सामना पुढे ढकलला आणि शेवटी खेळवला कुठे, तर माद्रिदला. २०१९ पासून तिथेही एकच.

पेठेतला_गोलकीपर
बघा, मी म्हटलो होतो. पोलिसांच्या रजा.

गड्ड्यावरचा
आत्ता कारखान्यातूनच लिहितोय. सांगितलं त्याला. शाल्के दोनदा म्हणून घेतलं त्याने. "म्हंजे आधी बरोबर होतं, मग बदललं," म्हणाला. सहा नंबरचा माग बंद पडला म्हणून हाक आली, चहा अर्धा टाकून गेला.